हात नका लावू

हाडांच्या वॉर्डात नातेवाईक पहिल्यांदा आले की त्यांना दोन गोष्टी लगेच कळत. एक म्हणजे प्यायचं पाणी जिन्याजवळच्या नळालाच येतं. आणि दुसरी, इथल्या सिस्टरला पाय चेपलेले चालत नाहीत. पहिली गोष्ट शेजारच्या कॉटवरचा पेशंट सांगे. दुसरी सिस्टर स्वतः सांगे, तीही वॉर्डच्या पार दुसऱ्या टोकाकडून, हातात भांडं असो की बँडेज असो, तशीच धावत येत, "हात नका लावू!" अशी हाळी देत. ऐकणाऱ्याला वाटायचं, आपण विजेच्या उघड्या तारेलाच हात घालतोय की काय.

मग ती जवळ येऊन शांतपणे समजावून सांगे. पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीत रक्त साकळतं. त्याची गुठळी होते. पायात आहे तोवर तिचा बंदोबस्त करता येतो. पण चेपून, चोळून ती जागची सुटली तर रक्ताबरोबर वर जाते आणि छातीत जाऊन बसते. म्हणून पाय चेपायचा नाही, आणि पोटरी दुखते असं पेशंट म्हणाला तर आधी सिस्टरला सांगायचं. हे ती इतक्या वेळा सांगत आली होती की जुन्या पेशंटांना ते तोंडपाठ झालं होतं. ती जेवायला गेली की एखादा वात्रट पेशंट तिच्याच आवाजात नव्या नातेवाइकांना ते ऐकवी आणि सगळा वॉर्ड प्लास्टरसकट हसे. तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण सगळे तिला हात-नका-लावू सिस्टरच म्हणत. तिलाही ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचं.

घरी तिच्या सासूबाईंचं गाऱ्हाणं वेगळंच. "हाडांच्या वॉर्डातली सून केली आणि पाय चेपून घ्यायचं सुख गेलं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सिस्टर म्हणे, तुम्ही दिवसभर घरभर फिरता, तुमच्या पायांना काही होत नाही, खुशाल चेपून देते. पण म्हणे तेवढंच. घरी येईपर्यंत तिच्याच पायांचे तुकडे पडलेले असत.

कामाला मात्र ती वाघीण होती. हाडांच्या वॉर्डात औषध कमी आणि निगराणी जास्त. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं गार पडलीत का, नखावर दाबलं की पुन्हा लाली येते का, टाचेखाली कातडी लाल झालीये का, कुशीवर वळवलेल्या माणसाच्या गुडघ्यांमध्ये उशी आहे का, हे ती डोळ्यांत तेल घालून बघे. पंजा वर, पंजा खाली, हा व्यायाम ती लोकांकडून इतक्या चिकाटीनं करून घेई की काही जण झोपेतही करत. जिभेला हाड नसतं म्हणूनच या वॉर्डात कुणी जीभ मोडून आलं नाही, नाहीतर मी तिचाही व्यायाम घेतला असता, असं ती वटवट करणाऱ्यांना ऐकवायची.

अशा या वॉर्डात एक दिवस रंगारी आला. जिन्याचं छत रंगवताना शिडी सरकली आणि म्हातारा खाली कोसळला. मांडीचं हाड मधोमध मोडलं होतं. ऑपरेशनपर्यंत त्याच्या पायाला वजन टांगून ठेवलं, त्यामुळे पाठीवर पडून वर बघण्याशिवाय त्याला दुसरा उद्योग नव्हता. दुसरा कुणी असता तर देवाचं नाव घेतलं असतं. यानं छताच्या चुका काढायला सुरुवात केली.

"सिस्टर, हे छत कुणी मारलंय?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं. तिला काय माहीत. ती म्हणाली, सरकारी काम असेल. त्यावर म्हाताऱ्यानं नाक मुरडलं आणि खिडकीवरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं छत आणि भिंत मिळतात त्या रेषेवर हातभर लांबीची एक पट्टी जुन्याच रंगाची राहिली होती. रोलर कोपऱ्यात जात नाही, तिथं ब्रश फिरवावा लागतो, आणि त्याचा यांना कंटाळा, असं त्याचं म्हणणं. ज्यानं कड सोडली त्याला रंगारी म्हणायचं नाही. एकदा उभा राहू दे, मी स्वतः भरून देतो, असं त्यानं तिला वचन देऊन टाकलं. त्या दिवसापासून सिस्टरला तो कोपरा रोज दिसायला लागला. इतकी वर्षं त्याच वॉर्डात वावरून तिला तो कधी दिसला नव्हता.

रंगारीकाकांना भेटायला कुणी येत नसे. संध्याकाळी भेटायची वेळ झाली की कॉटाकॉटांशी माणसं दाटत, डबे उघडत, आणि काका छताकडे बघत पडून राहत. घरी कोण असतं विचारलं तर कुणी नाही म्हणत. बायको वारली होती. सिस्टरला पुढची काळजी होती. ऑपरेशन नीट झालं, मांडीत सळई बसली, जखम वाळत आली. आज ना उद्या या माणसाला घरी सोडणार. घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, वॉकर धरून चालणारा म्हातारा एकटा काय करणार? कुणीच पुढे आलं नाही तर त्याला निराधारांच्या संस्थेत पाठवतात. तिनं ती संस्था पाहिली होती. तिथं गेलेला माणूस पुन्हा शिडी तर सोडाच, उंबरासुद्धा चढत नाही. या माणसाला त्याच्या घरी, त्याच्या माणसासोबत पाठवायचं असं तिनं मनाशी धरलं, आणि एकदा तिनं मनाशी धरलं की ते धरलं.

पाठ पुसून घेताना माणसं बोलतात. तोंड भिंतीकडे असतं, समोर कुणी दिसत नाही, म्हणून असेल. एका सकाळी ती कोमट पाण्यानं काकांची पाठ पुसत असताना त्यांनी मुलाचं सांगितलं. मुलगा होता. लहानपणापासून त्यांच्याबरोबर कामावर यायचा. तो शिडी धरायचा आणि हे वर चढायचे. चढायच्या आधी हे विचारायचे, "धरलीस ना?" तो म्हणायचा, "धरलीये, चढा." त्याशिवाय यांनी कधी पहिल्या पायरीवर पाय ठेवला नाही. पुढे पोरगा मोठा झाला आणि फवाऱ्यानं रंग मारणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागला. यांचं डोकं फिरलं. चारचौघांत, भर कामावर, त्याला म्हणाले, आजपासून माझ्या शिडीला हात लावायचा नाहीस.

"आणि?" सिस्टरनं विचारलं.

"आणि काय. नाही लावला."

ती पाठ पुसत राहिली. थोड्या वेळानं काका भिंतीकडेच बघत म्हणाले, की पडलो त्या दिवशीही सवयीनं विचारलं होतं, धरलीस ना म्हणून. खाली कुणी नव्हतं.

मुलाचा नंबर त्यांच्याकडे लिहिलेला नव्हता. तोंडपाठ होता. कधी लावला नव्हता तरी तोंडपाठ होता. सिस्टरनं दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. आधी पलीकडून चौकशी केल्यासारखा कोरडा आवाज आला, वडील पडून इथं आहेत असं तिनं सांगितलं. मग त्यानं एवढंच विचारलं, शिडीवरून का? ती हो म्हणाली. खाली कोण होतं? कुणी नव्हतं, असं ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. बापासारखाच हडकुळा, बोटांना तसाच रंग. दारातच उभा राहिला, जागचा हलेना. सिस्टरनं त्याला बखोटीला धरून आत आणायचंच बाकी ठेवलं होतं. शेवटी तो कॉटजवळ स्टुलावर बसला. बाप छताकडे बघत होता, मुलगा फरशीकडे. दोघांनी तोंडात गुळण्या धरल्यासारखं अख्खी भेटीची वेळ काढली. तो उठून गेला तेव्हा सिस्टरनं कपाळाला हात लावला.

पण तो दुसऱ्या दिवशीही आला. पुन्हा तेच. सिस्टर शेजारच्या कॉटवर बँडेज बदलत होती, कान मात्र इकडे होते. बऱ्याच वेळानं मुलानं बापाची नजर कुठे लागलीये ते बघायला मान वर केली.

"कड सोडलीये," तो म्हणाला.

"रोलर मारलाय," बाप म्हणाला. "ब्रश फिरवायला नको."

"फवारा असता तर कड सुटली नसती."

झालं, आता हा म्हातारा उठून बसतोय आणि पोराला हाकलतोय, असं तिला वाटलं. पण म्हाताऱ्याच्या अंगावरची चादर हलायला लागली. तो हसत होता. हसताना मांडी दुखत होती, म्हणून तोंड वाकडं करून हसत होता. मुलगाही हसला. मग दोघं छतावर जे बोलायला लागले ते भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी थांबेनात. सिस्टर साठवणीच्या खोलीत जाऊन कापसाच्या गठ्ठ्यांआड उभी राहिली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. तिला इतका आनंद झाला होता की कुणाला तरी सांगावासा वाटत होता, आणि सांगायला तिथं कापसाशिवाय कुणी नव्हतं.

पुढच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, उद्या सकाळी यांना उभं करायचं. काकांचा चेहरा खुलला. मुलानं दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. वॉकर मीच धरणार, असं त्यानं तिला दोनदा सांगून ठेवलं.

त्या संध्याकाळी सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन वॉर्डात शिरली आणि दारातच थबकली. मुलगा स्टूल पुढे ओढून कॉटच्या पायथ्याशी बसला होता. बापाचा ऑपरेशन झालेला पाय त्यानं अलगद धरला होता आणि तो पोटरी चेपत होता. खालून वर, सावकाश, सगळ्या मनानं. काकांचे डोळे मिटले होते.

शब्द तिच्या जिभेवर आले होते. नेहमीचेच तीन शब्द, हाळी द्यायचाच अवकाश होता. पण तिला भिंतीकडे तोंड करून पडलेली ती पाठ आठवली. या पोराला एकदा कुणीतरी हात लावू नकोस म्हणालं होतं आणि त्यानं ते वर्षानुवर्षं पाळलं होतं. आज कुठे त्यानं बापाला पहिल्यांदा हात लावला होता. आणि आता भर वॉर्डात, चारचौघांत, तिनंही तेच म्हणायचं? एक मिनिट, ती मनात म्हणाली. एकच मिनिट, मग जवळ जाऊन हळूच सांगते.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाच्या कॉटवर एकाला ओकारी आली. ती ट्रे ठेवून तिकडे धावली. चादर बदलली, त्याला पुसून काढलं, पाणी पाजलं. परत आली तोवर काका चक्क घोरत होते आणि मुलगा तसाच चेपत होता. घंटा झाली. तो उठला, बापाच्या पायावर चादर नीट ओढली आणि निघताना तिच्याकडे बघून लाजल्यासारखा हसला. झोपलेत, एवढंच म्हणाला. तीही हसली. सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं तिनं पुढे पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. तिनं सांगितलं नाही.

सकाळी मुलगा दाढीबिढी करून हजर. फिजिओ बाई आल्या, डॉक्टर आले. सिस्टरनं रीतसर विचारलं, काका, छातीत काही? पायात कुठे दुखतंय? पोटरी? म्हातारा म्हणाला, पोटरी कापसासारखी आहे, आता बोलणी पुरे, उभं करा. त्याला पलंगाच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडले, घेरी येत नाही ना बघितलं. समोर वॉकर ठेवला. मुलगा त्याच्यासमोर वाकून दोन्ही हातांनी वॉकरच्या दांड्या घट्ट धरून उभा राहिला.

काकांनी हात वॉकरवर ठेवले आणि मुलाकडे बघितलं.

"धरलीस ना?"

"धरलीये, बाबा. या."

म्हातारा उठला. सरळ उभा राहिला. वॉर्डात कुणीतरी टाळी वाजवली. त्यानं ऑपरेशनचा पाय पुढे टाकला, मोठ्या खुशीत सिस्टरकडे पाहिलं, आणि मग कोड्यात पडल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "अरे, दम लागला."

तो कोसळायच्या आधीच सिस्टरला कळलं होतं. चेहऱ्यावरचा रंग उतरताना तिनं पाहिला. मग धावाधाव झाली, कॉट सपाट केली, पडदा ओढला, ऑक्सिजन लावला, छाती दाबली, डॉक्टरांनी घाम गाळला. सिस्टर सांगितलं ते सगळं करत होती, हात चालत होते, आणि मनात एकच धोशा चालला होता, नको, नको, असं नको. पण माणूस गेला. पडदा सरकवून ती बाहेर आली तेव्हा मुलगा होता तिथंच, तसाच वाकून, रिकामा वॉकर दोन्ही हातांनी धरून उभा होता. कुणी त्याला सोड म्हणालं नव्हतं.

डॉक्टरांनी त्याला बाहेर बाकावर बसवून समजावलं. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली. मोठं हाड मोडलं की असं होऊ शकतं, सगळी काळजी घेऊनही होतं. तो मान हलवत होता. डॉक्टर गेल्यावर सिस्टर त्याच्याशेजारी बसली. तिला वाटलं होतं तो रडेल. तो बोलायला लागला. काल पोटरी ठणकतेय म्हणत होते, पण सिस्टरला सांगू नकोस म्हणाले, सांगितलंस तर उद्या उभं राहू देणार नाही ती. म्हणून मीच चेपून दिली.

"फार बरं वाटलं त्यांना," तो म्हणाला. "झोपच लागली. तेवढं एक तरी माझ्या हातून झालं, सिस्टर. नाहीतर मी कुठे तोंड दाखवलं असतं?"

गुठळी चेपल्यानं सुटली की आपणहून सुटली, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकलं नसतं, हे तिला माहीत होतं. पण तिला दुसरंही माहीत होतं. काल तिनं दारातून नेहमीसारखी हाळी दिली असती, तर हा पोरगा दचकून म्हणाला असता, पोटरी दुखतेय म्हणतात हो. मग तिनं डॉक्टरांना उठवून आणलं असतं, सोनोग्राफी झाली असती, रक्त पातळ करणारी औषधं वाढवली असती, आणि आज म्हाताऱ्याला कुणी उभं केलंच नसतं. तो चिडला असता, छताला शिव्या दिल्या असत्या. जिवंत राहून दिल्या असत्या.

तिनं मुलाच्या हातावर हात ठेवला. "हो," ती म्हणाली, "बरं वाटलं त्यांना." त्याच्याकडे आता बापाचं म्हणून तेवढंच होतं. ते काढून घ्यायचा तिला धीर झाला नाही.

त्या संध्याकाळी ती घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि सासूबाईंच्या पायाशी बसून त्यांचे पाय चेपायला लागली. म्हातारी आधी खूश झाली, मग घाबरली. तुझी नोकरी गेली का गं, म्हणाली. सिस्टरनं नकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी सासूबाईंच्या पावलांवर पडत होतं. सासूबाईंनी सुनेचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि थोपटत राहिल्या.

दिवस गेले. सिस्टर कामावर जात होती, हाळ्या देत होती. आवाज पूर्वीइतका चढत नव्हता, पण एकही पाय तिनं नजरेतून सुटू दिला नाही. वात्रट पेशंट तिची नक्कल करतच होते. सध्या ते काम घोटा मोडलेल्या एका पोस्टमननं अंगावर घेतलं होतं. तो काकांच्या नंतर आलेला, त्याला काहीच माहीत नव्हतं.

आणि एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मुलगा आला. खांद्यावर बापाची लाकडी शिडी, हातात रंगाचा छोटा डबा आणि ब्रश. खिडकीवरची कड भरून द्यायची आहे, बाबांनी तुम्हाला शब्द दिला होता म्हणे, असं तो म्हणाला. तिनं मोठ्या सिस्टरला विचारून परवानगी काढली. कोपऱ्यातली कॉट बाजूला ओढून घ्यावी लागली. काकांचीच ती कॉट. तिच्यावर आता मांडीच्याच हाडाचा एक थोराड पेशंट होता आणि पायथ्याशी त्याची बायको बसली होती. नवरा कण्हत होता, ती बिचारी कावरीबावरी होऊन त्याच्या तोंडाकडे बघत होती.

मुलानं शिडी भिंतीला टेकवली, डब्याचं झाकण उघडलं. त्या बाईची घालमेल त्यानं पाहिली आणि मायेनं, अगदी घरच्यासारखं म्हणाला, "काकू, त्यांची पोटरी चेपा जरा. माझ्या बाबांना त्यानं फार बरं वाटलं होतं."

बाईचा हात चादरीखाली गेला.

सिस्टर मधल्या कॉटशी होती. तिच्यापुढे दुसरी वाटच नव्हती.

"हात नका लावू!"

जुनी हाळी, पूर्वीच्याच आवाजात, सगळ्या वॉर्डात घुमली. बाईनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि का हो सिस्टर, म्हणाली. सिस्टरनं मुलाकडे पाहिलं. तेवढ्यात पलीकडून पोस्टमन उठून बसला. आपली पाळी आली असं त्याला वाटलं. तिच्याच हेलात, हातवारे करत त्यानं सुरुवात केली. पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीत रक्त साकळतं. त्याची गुठळी होते. चेपून, चोळून ती सुटली की रक्ताबरोबर वर जाते आणि छातीत जाऊन बसते. पोटरी दुखली तर आधी सिस्टरला सांगायचं. वॉर्ड हसला. ती बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

मुलगा हसला नाही. ब्रश डब्यात बुडवलेला, तसाच राहिला. तो आधी पोस्टमनकडे बघत होता, मग त्याची नजर स्वतःच्या हातांवर गेली. सिस्टर त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"हे तुम्ही सगळ्यांना सांगता?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांना."

"मला नाही सांगितलंत."

"नाही सांगितलं. मी दारात उभी होते. मी बघत होते. चूक माझी आहे. तुमची नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं."

"मग का नाही थांबवलंत?"

तिनं खरं तेच सांगितलं. "तुम्ही पहिल्यांदा त्यांना हात लावला होता."

डब्याच्या काठावर त्यानं ब्रश निथळला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, बापाच्या हाताखाली शिकलेल्या माणसासारखा. तिला वाटलं तो ओरडेल, डबा फेकेल, आणि फेकला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"झोप लागली होती ना पण त्यांना?" त्यानं विचारलं. "का तेही तुम्ही आपलं म्हणालात?"

"लागली होती. घोरत होते. मी ऐकलंय."

त्यानं मान हलवली. डबा एका हातात घेतला, ब्रश दातांत धरला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. वॉर्डची फरशी गुळगुळीत होती, शिडीचे पाय किंचित सरकले. सिस्टरनं पुढे होऊन दोन्ही हातांनी शिडी धरली.

त्यानं ब्रश दातांतून काढला.

"हात नका लावू," तो म्हणाला. मोठ्यानं नाही, रागानंही नाही.

तिनं हात काढले. तो वर चढत गेला. कोपऱ्यापाशी पोचला, एका हातानं भिंतीचा आधार घेतला आणि त्या सुटलेल्या पट्टीवर ब्रश टेकवला. त्याचे खांदे हलत होते, पण ब्रशची रेष सरळ जात होती. खाली सिस्टर शिडीच्या दोन्ही बाजूंना हात पसरून, न लावता, तो उतरेपर्यंत तशीच उभी राहिली.